यमुना नावाच्या मुली

मराठी कादंबरी जन्माला आली तेव्हा तिच्या नायिकेचं नाव यमुना होतं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली छापून आलं. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा. पुस्तकाच्या पूर्ण नावातच त्याचा हेतू लिहिलेला आहे: ‘हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहतात, त्यांच्या कहाण्या ऐकतात. मग विनायक जातो आणि यमुना स्वतःच त्या बायकांतली एक होते. पदमनजी धर्मांतर करून ख्रिस्ती झालेले. यमुनाही शेवटी तोच धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. कादंबरी म्हणून बांधणी सैल आहे, मधूनमधून उपदेश कथेच्या पुढे धावतो. पण बाईचं दुःख हा अख्ख्या पुस्तकाचा विषय होऊ शकतो, आणि त्या पुस्तकाला बाईचंच नाव देता येतं, हे मराठीत तिथे घडलं. म्हणून मला ते पुस्तक प्रिय आहे.

तेहतीस वर्षांनी, १८९० मध्ये, हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. तिथेही नायिका यमुना. घरातल्यांची यमू. ती स्वतःच आपली हकिकत सांगते: लहानपणचे खेळ, दादा, आईचं जाणं, सासर, मुंबईत नवऱ्यासोबत मिळालेले थोडे सुखाचे दिवस, त्याचा मृत्यू, आणि शंकरमामंजींनी जबरदस्तीनं करवलेलं केशवपन. ते प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात असताना. त्या दिवशी पुढचं पान उलटायची माझी हिंमत झाली नव्हती. आपट्यांच्या इतर कादंबऱ्या मी नंतर वाचल्या, काही आवडल्या, काही अर्ध्यावर सोडल्या. यमू मात्र एखाद्या नात्यातल्या बाईसारखी कायमची सोबत राहिली.

पुस्तकांतल्या या दोन यमुनांच्या मधल्या काळात महाराष्ट्रात दोन खऱ्या यमुना जन्मल्या. एक १८६२ मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरात. दुसरी १८६५ मध्ये, कल्याणच्या जोशांच्या घरात. दोघी आज शाळकरी मुलांनाही माहीत आहेत, पण यमुना म्हणून नाही. पहिली रमाबाई रानडे. दुसरी डॉक्टर आनंदीबाई जोशी.

हे चौघींचं जुळून येणं ज्या दिवशी लक्षात आलं, त्या दिवसापासून हे नाव मला स्वस्थ बसू देत नाही.

खरं तर यात चमत्कार काही नाही. त्या काळी आपल्याकडे मुलींना नद्यांची नावं सर्रास ठेवत. घरातला कर्ता पुरुष सकाळी अंगावर पाण्याचा पहिला तांब्या घेताना म्हणायचा, ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु’. एका श्लोकात सात मुलींची नावं तयार. त्यात कृष्णा, भागीरथी, वेणू मिळवल्या की वाड्यातल्या सगळ्या पोरीबाळी आल्या. हाक मारताना त्यांच्या गंगू, यमू, गोदू, सरू, सिंधू होत. पदमनजींनी आणि आपट्यांनी आपापल्या नायिकांसाठी हेच नाव का निवडलं, याचं मला पटणारं उत्तर एवढंच आहे, की ते कुणाच्याही घरातलं होतं. ज्या वाचकाला हलवायचं होतं, त्याच्या स्वतःच्या माजघरात एक यमू असण्याची शक्यता होती. नायिकेचं नाव चारुगात्री किंवा मंजुघोषा असतं तर तो वाचक सुखानं पानं उलटत गेला असता. यमू म्हटल्यावर त्याला आपली बहीण आठवणार, आपली लेक आठवणार.

आणि ज्या घरात यमू जन्मायची, त्या घरात ती यमू म्हणून फार दिवस राहत नसे. आठव्या-नवव्या वर्षी लग्न. लग्नात ताम्हणात किंवा ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. साखर वाटली, पेढे वाटले, की त्या क्षणापासून सगळ्यांनी तिला त्याच नावानं हाक मारायची. आजही कित्येक लग्नांत हा विधी होतो. तांदळावर उमटलेली ती अक्षरं फोटोत फार सुंदर दिसतात. पण आता त्यातली नवरी पंचविशी-तिशीतली, शिकलेली, आपलं नाव ठेवायचं की बदलायचं हे नवऱ्याशी आधी बोलून घेतलेली असते. त्या नऊ वर्षांच्या मुलीला कुणी विचारलेलं नव्हतं. तिला जेमतेम आपल्या नावाला ‘ओ’ द्यायची सवय झालेली, आणि अनोळखी घरात अनोळखी माणसं दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतायत. ती हाक आपल्यासाठी आहे हे तिनं शिकून घ्यायचं.

कल्याणच्या यमुनेच्या बाबतीत तर एक गोष्ट मला फार जाणवते. तिच्या वडिलांचं आडनाव जोशी, आणि १८७४ मध्ये तिचं ज्यांच्याशी लग्न झालं त्या गोपाळरावांचंही जोशीच. म्हणजे एरवी लग्नात बाईचं जे जातं ते आडनाव तिच्याकडे जसंच्या तसं राहिलं. बदललं ते फक्त तिचं स्वतःचं नाव. आडनाव घराण्याचं असतं, मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं; पहिलं नाव तेवढं आपलं. तिचं तेच गेलं.

पुढची कहाणी आपल्याला पाठ असते, तरी ती पुन्हा सांगावीशी वाटते. गोपाळराव पोस्टात नोकरीला, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, बायकोनं शिकलंच पाहिजे या एका ध्यासानं पेटलेले. त्या ध्यासाचा जाच तिनं सोसला, हेही चरित्रांतून आलेलं आहे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईच्या आजारपणात बाई डॉक्टर हवी, हा तिचा निश्चय त्या दुःखातून आला. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असं करत ती कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला पोचली. १८८३ मध्ये तिथे तिनं भर सभेत इंग्रजीतून सांगितलं की आपण अमेरिकेला का जात आहोत. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली, नवऱ्याशिवाय. न्यू जर्सीत थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंशी पत्रांतून नातं जुळलं होतं, त्यांना ती मावशी म्हणायची. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी ती एम.डी. झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचं काम तिची वाट पाहत होतं. क्षयानं ते होऊ दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिच्या नावाचा दगड आहे. त्यावर आनंदीबाई जोशी, एम.डी. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिच्या सन्मानार्थ जोशी हे नाव आहे. १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांनी तिचं चरित्र लिहिलं. मराठीत बाईनं बाईचं लिहिलेलं चरित्र म्हणून ते मोलाचं आहे. १९६८ मध्ये श्री. ज. जोशींची कादंबरी आली, २०१९ मध्ये चित्रपट, आणि दोन्हींची नावं ‘आनंदी गोपाळ’. तिनं जे कमावलं ते सगळं आनंदी या नावाखाली जमा आहे, आणि ते तसंच राहायला हवं. ते नाव तिनं स्वतःच्या कर्तृत्वानं आपलं करून घेतलं. पुण्यातल्या राघोबादादांच्या आनंदीबाईंमुळे त्या नावावर जी सावली होती, तीही एका अर्थी हिनं पुसली. इतकं असूनही माझं मन त्या नऊ वर्षांपाशी घुटमळतं. पाटीवर ‘यमुना’ लिहायला ती कधी शिकली असेल का?

देवराष्ट्र्याच्या यमुनेचं लग्न त्याआधी एक वर्ष, १८७३ मध्ये झालं. महादेव गोविंद रानड्यांची पहिली बायको नुकतीच वारली होती. सुधारक म्हणून त्यांचं नाव झालेलं. त्यांनी आता विधवेशीच लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले आणि अकरा वर्षांची, अक्षरओळख नसलेली मुलगी घरात आली. यमुनेची रमा झाली. रानड्यांना या गोष्टीवरून लोकांनी खूप बोल लावले, आणि ते बोल चुकीचे होते असं मला वाटत नाही. पण ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे रमाबाईंचं पुस्तक वाचताना एका प्रसंगापाशी मी दर वेळी थांबते. लग्न होऊन घरी आल्यावर रानडे तिला विचारतात की तुझं माझ्याशी लग्न झालं आहे, पण मी कोण आणि माझं नाव काय, हे तुला माहीत आहे का? ती म्हणते, हो. मग सांग बघू. घरात मोठ्या माणसांकडून ऐकलेलं नाव ती सांगते.

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्याच्या ओळीत लपवून घ्यायचं, असा तो काळ. त्या काळात एक नवरा आपल्या नव्या बायकोला पहिल्याच दिवशी म्हणतो, माझं नाव घे. मला यात फार कोवळं काहीतरी दिसतं. मग पाटी येते, मुळाक्षरं येतात, पुढे इंग्रजी येतं, सासरच्या बायकांची बोलणी येतात. पण त्या संभाषणातला जो उलटा प्रश्न, तो माझ्या डोक्यात कायम वाजत राहतो. तुझं नाव काय, हे तिला कुणी विचारायचं? आणि विचारलं असतं तर त्या दिवशी तिनं कुठलं सांगितलं असतं?

पुढे आयुष्यभराच्या आठवणी लिहिताना रमाबाई नवऱ्याचा उल्लेख नावानं करत नाहीत. ‘स्वतः’ म्हणतात. स्वतः आले, स्वतः म्हणाले. पुस्तक १९१० चं. तोवर रानड्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. रमाबाई पुण्यात सेवासदनाचं काम उभं करत होत्या, विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिकवून पायांवर उभं करत होत्या. म्हणजे पदमनजींच्या यमुनेनं गावोगाव फिरून जे पाहिलं, त्यावर काही करायचं काम अखेरीस एका खऱ्या यमुनेनंच हातात घेतलं होतं. आणि आपट्यांनी, एका पुरुषानं, यमू होऊन जे आत्मचरित्र लिहिलं, त्यानंतर वीस वर्षांनी यमू म्हणून जन्मलेल्या बाईनं आपलं स्वतःचं लिहिलं. कादंबरीतल्या यमूचं वैधव्य तिला गिळून टाकतं. रमाबाई विधवा झाल्यावर तेवीस वर्षं जगल्या आणि त्यांची सगळी मोठी कामं त्याच तेवीस वर्षांत झाली. यमूला रमाबाईंचा शेजार मिळाला असता तर, असं मी किती वेळा मनात घोळवलं आहे. पुण्यात एखाद्या बोळात त्या दोघी भेटत्या, तर पहिल्या वाक्यातच त्यांना कळलं असतं की आपल्या दोघींना आईनं एकाच नावानं हाक मारली आहे.

रमा या नावाचाही एक मोठा गोतावळा आहे. थोरल्या माधवरावांबरोबर १७७२ मध्ये थेऊरला सती गेलेल्या रमाबाई. कादंबरी-नाटकांनी त्यांना इतकं जवळ आणलं की इतिहासातल्या कुठल्या आणि गोष्टीतल्या कुठल्या हे वाचकाला सांगता येऊ नये. पंडिता रमाबाई, १८५८ मध्ये जन्मलेल्या. त्यांचं रमा हे नाव जन्मापासूनचं, आणि बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाल्यावरही ते कुणी बदललं नाही. या पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि तिथे त्यांची रमाबाई रानड्यांशी गाठ पडली. एक जन्माची रमा, एक केलेली रमा. एकीनं आपलं नाव वडिलांबरोबर रानावनांतून, तीर्थांतून, संस्कृताच्या अध्ययनातून जपत आणलेलं, दुसरीला ते तांदळातून मिळालेलं. दोघींची मैत्री झाली आणि पुण्यात गहजब उडाला. आणि मग माता रमाबाई आंबेडकर. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला आहे. बॅरिस्टरच्या, इतक्या जाडजूड राजकीय ग्रंथाच्या पहिल्या पानावर ते घरातलं, हाकेचं नाव. हे मी आठवलं की माझा गळा दाटतो.

पण मला यमुनेकडेच परत यायचं आहे.

नाव बदलणं म्हणजे दर वेळी हिरावणंच, असं मी म्हणणार नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई. बालपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं. पुढे सगळे बाया कर्वे म्हणू लागले. आठव्या वर्षीच जिच्या कपाळी वैधव्य आलं, तिला नव्या आयुष्याबरोबर नवं नाव हवंसं वाटलं असेल तर ते मी समजू शकते. आणि आपल्या काळात, २०११ मध्ये, साताऱ्यात नकोशी, नकुसा अशी नावं असलेल्या २८५ मुलींचं समारंभानं पुन्हा बारसं झालं. त्या मुलींनी आपली नावं स्वतः सुचवली, कुणी नटीचं घेतलं, कुणी देवीचं. मुलगी नको हे जिच्या नावातच लिहून ठेवलं होतं, तिनं ते नाव फेकून दिलं तर त्यात आनंदच आहे. प्रश्न एवढाच असतो, की बदल कुणाच्या इच्छेनं झाला. सोळा वर्षांच्या नकोशीला विचारलं गेलं. नऊ वर्षांच्या यमुनेला नाही.

आमच्या घरी एक पितळी गडू आहे. पूर्वी भांड्यांवर नावं घालून घेत. त्या गडूच्या गळ्याखाली ठिपक्यांनी ‘चि. गोदू’ असं कोरलेलं आहे. लहानपणी मी आईला विचारलं होतं की ही गोदू कोण. आईला माहीत नव्हतं. तिनं आजीला विचारलं, तेव्हा कळलं की ही आजीची आई. सासरी तिचं नाव सरस्वती होतं आणि सगळा गाव तिला त्याच नावानं ओळखत होता. तो गडू तिनं माहेराहून आणलेला. कुळवृत्तांतात सरस्वतीच छापलं आहे, माहेरच्या नावाला कंसातसुद्धा जागा मिळालेली नाही. पुरुषांच्या ओळी मात्र नऊ-दहा पिढ्या मागे सरळ जातात. अमका तमक्याचा, तो अमक्याचा. कुणी इनाम मिळवलं, कुणी देशावर गेला, कुणी संन्यास घेतला. संन्यास घेतलेल्या पणज्यांच्या बापाची दोन्ही नावं दिली आहेत, आधीचं आणि संन्यासाश्रमातलं. दोन्ही नावं लिहायची असतात, हे त्या छापणाऱ्यांना ठाऊक होतं. बायकांच्या बाबतीत ते कुणाला सुचलं नाही.

यमुनेबद्दल आपल्या जुन्या कथांत जे आहे तेही मी या निमित्तानं पुन्हा वाचलं. ती यमाची बहीण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम आणि यमीचा संवाद आहे. आपली भाऊबीज म्हणजे यमद्वितीया, त्या दिवशी यम यमुनेच्या घरी जेवायला गेला अशी कथा. म्हणजे लोकांनी शतकानुशतकं तिला आठवलं ते भावाच्या नात्यानं, जन्माच्या नात्यानं. आपट्यांच्या यमूच्या हकिकतीतही दादा आहे. तिच्या लहानपणच्या खेळात आहे, शिक्षणात आहे, तिच्या बाजूनं उभा राहणाऱ्यांत आहे. आपट्यांनी हे नाव आणि हा भाऊ जाणूनबुजून एकत्र आणले असतील का, मला सांगता येणार नाही. पण भाऊबीजेला ओवाळताना मला यमू आठवते, आणि तिचा दादाही.

या सगळ्यांत एक यमुना अशीही आहे जिचं नाव शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिलं. यमुनाबाई वाईकर. १९१५ मध्ये जन्म, कोल्हाटी समाजात. घरात दारिद्र्य, आईबरोबर रस्त्यावर, दारोदार गाणं-नाचणं. तिथून लावणीच्या बैठकीपर्यंत, मुंबईच्या थिएटरांपर्यंत आणि पुढे दिल्लीपर्यंत त्या पोचल्या. बसून गायची, अदाकारीची लावणी त्यांच्या गळ्यात आणि चेहऱ्यावर होती. एका ओळीचे अनेक अर्थ नजरेनं आणि हातानं उलगडून दाखवायच्या. मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं नाही, ध्वनिचित्रफितीच पाहिल्या आहेत, त्याही त्यांच्या उतारवयातल्या. आवाज थकलेला, पण ओळीवर पकड अशी, की एखादा शब्द त्या हळूच सोडून देतात आणि समोरचा माणूस तो शब्द स्वतःच मनात पूर्ण करतो. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात वाईला त्या गेल्या, वयाची शंभरी ओलांडून.

त्यांच्या नावाला जोडलेलं वाईकर हे गावावरून आलेलं. या कलावंतांची ही रीतच: विठाबाई नारायणगावकर, सत्यभामाबाई पंढरपूरकर, कौसल्याबाई कोपरगावकर. पुढे स्वतःचं नाव, मागे गाव. यमुना, हिरा आणि तारा अशा तिघींच्या नावांनी त्यांची पार्टी ओळखली जायची. फलकावर तीन बायकांची तीन पहिली नावं, त्यांच्या मधे कुठलाही राव नाही. ज्या घरांनी आपल्या यमूंची नावं तांदळात पुसली, त्या घरांनी या बायकांकडे कसं पाहिलं हे आपल्याला माहीत आहे. त्यांनी भोगलेल्या आयुष्याचं मी उदात्तीकरण करणार नाही. त्या समाजातल्या मुलींच्या वाट्याला जे आलं ते फार क्रूर होतं. पण कागदोपत्री पाहिलं तर एकोणिसाव्या शतकातल्या दोन कुलीन यमुना इतिहासात दुसऱ्याच नावांनी नोंदवल्या गेल्या, आणि राष्ट्रपती भवनातल्या पद्म पुरस्कारांच्या यादीत यमुना म्हणून नाव चढलं ते वाईच्या लावणी गायिकेचं.

२०१२ हे वर्ष योगायोगानं दोघींचं. त्याच वर्षी रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची मालिका टीव्हीवर सुरू झाली आणि लग्नाआधीची ती परकऱ्या वयाची मुलगी महाराष्ट्रानं घराघरांत पाहिली. माझ्या शेजारच्या आजी रोज संध्याकाळी वेळ झाली की हातातलं काम टाकून बसायच्या. त्यांनी मला एकदा विचारलं, “हिला आधी दुसरं नाव होतं ना गं?” मग स्वतःहून आपलं सांगितलं. सत्तर वर्षांत त्यांच्या त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. आई-वडील गेले, भाऊ गेले, मैत्रिणी गेल्या. ते नाव माहीत असलेलं एकही माणूस उरलं नव्हतं. सांगताना त्यांनी ते दोनदा म्हटलं. मी त्यानंतर त्यांना कधीमधी त्या नावानं हाक मारायचे, हळूच, सुना आजूबाजूला नसताना. त्या हसायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा म्हण.

आता कागदं बदलतायत. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा नियम झाला आहे. आईचं म्हणजे तिचं पहिलं नाव. माझ्या भाचीच्या बाळाचा दाखला मी हातात घेऊन पाहिला. नवीन घरात गेल्यावरही तिनं आपलं नाव बदललेलं नव्हतं. लग्नात जावयानं तांदळात तिचं तेच नाव लिहिलं होतं, आणि गुरुजींनी जराही कुरकुर न करता पुढचा मंत्र म्हटला होता. त्या बाळाला उद्या आपल्या आईचं नाव शोधत फिरावं लागणार नाही.

मागच्या पिढ्यांचं मात्र शोधावंच लागतं. मी आमच्या दोन्ही घराण्यांतल्या बायकांची माहेरची नावं लिहून काढायला घेतली आहेत, कुळवृत्तांताच्या समासात, पेन्सिलीनं. नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करते. पुरुषांना फार आठवत नाही. बायकांना आठवतं, पण विचारल्यावर आधी त्या थबकतात. एका आत्यानं तीन नावं एका दमात सांगितली, त्यात एक यमुना निघाली. बेळगावकडे दिलेली, तिकडे तिची राधा झालेली. बाबांच्या आजीचं नाव अजून मिळालेलं नाही. तिचं माहेर कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात होतं आणि तिच्या भावाच्या घरातलं कुणीतरी अजून तिथे राहतं, एवढं कळलं आहे. दिवाळीनंतर तिकडे जायचं ठरवलं आहे. देवराष्ट्रे तिथून फार लांब नाही, तेही करून येईन.